साडेतीन युनिटांचा हिवाळा

लोकांची समजूत असते की वीज कंपनीतल्या माणसाला वीज फुकट मिळते. फुकट काय मिळत असेल तर लोकांच्या शिव्या. पाचगणीला बदली झाली तेव्हा मी भाड्याच्या घरात राहत होतो. मीटर घरमालकिणीच्या नावावर होता आणि बिल माझ्या खिशातून जात होतं. त्या हिवाळ्यात घर तापवायला किती वीज लागली याची नोंद माझ्याकडे रोजच्या रोज आहे, एका छोट्या डायरीत, तारखेसकट. ती डायरी मी टाकून दिलेली नाही, आणि उघडूनही बघत नाही.

नोकरीला लागलो तो सांगलीत, मीटर रीडर म्हणून. विश्रामबागच्या गल्ल्या पायाखाली घातल्या, कुत्री चावून घेतली, आकडे लिहून आणले. पुढे मोबाईलवर फोटो काढून रीडिंग घ्यायची पद्धत आली, फिरणारी पोरं ठेकेदाराची झाली आणि मी ऑफिसात टेबलाला चिकटलो. माझं काम म्हणजे यादी तपासणं. ज्या घराचा वापर अचानक चढतो किंवा अचानक पडतो, अशा घरांची दर महिन्याला एक यादी निघायची. आम्ही तिला संशयाची यादी म्हणत असू. यादीतल्या प्रत्येक घरी स्वतः जायचं, मीटर बघायचा, आत माणसं आहेत का बघायचं आणि मगच शेरा लिहायचा, असा नियम होता. घर बंद. मीटर बंद. चोरी. वापर योग्य.

या कामात माझा हात धरणारा कुणी नव्हता. आकड्यावरून मला घर दिसायचं. इथे लेक बाळंतपणाला आलीय, इथे बायको रुसून माहेरी गेलीय, इथे शेजाऱ्याच्या वायरवर गिरणी चाललीय, हे मी खुर्चीत बसून सांगायचो आणि जाऊन बघावं तर तसंच निघायचं. साहेब लोक कौतुक करायचे. माझीही मान ताठ व्हायची.

पाचगणीची बदली आली तेव्हा मुलगी बारावीला होती, त्यामुळे बायको तिच्यापाशी सांगलीतच राहिली. माझ्या जेवणाचं काय, हा प्रश्न निघाला. आई म्हणाली, "मी जाते की त्येच्यासंगं. हितं बसून काय करू? भाकरी थापायला हात हायत अजून." आईला सत्तरी उलटून गेलेली होती. छाती नाजूक होती. थंडीत कफ धरायचा, धाप लागायची. सांगलीचे आमचे डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते, यांना गारठ्यात नेऊ नका, न्यायचंच असेल तर खोली उबदार ठेवा, छाती भरली तर या वयात आवरणार नाही. मी मान हलवली आणि तिला घेऊन गेलो. मला मेसचं जेवण सोसत नाही. खरं कारण एवढंच होतं.

जत तालुक्यातल्या उघड्या माळावर तिचा जन्म गेलेला. ऊन तिला ठाऊक होतं. पाचगणीतलं धुकं खिडकीतून आत येताना बघून ती पहिल्या दिवशी म्हणाली, "कोन धूर करतंय रं बाहेर?" मी हसलो होतो. दिवाळी झाली आणि थंडीने दात दाखवले. मी साताऱ्याला जाऊन दोन नळ्यांचा, आठशे वॅटचा हीटर आणला. बटण दाबलं की नळ्या लालभडक होत. आईने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "लय ब्येस हाय की. चूल न्हाई, धूर न्हाई." त्या महिन्यात ती छान होती. खोकला नव्हता. रोज दहा तास हीटर चालायचा.

माझी एक सवय होती. रोज सकाळी उठलो की बॅटरी घेऊन जिन्याखाली जायचं आणि स्वतःच्या मीटरचा आकडा बघायचा. कुणी पेपर वाचतं, कुणी देवाला फूल वाहतं, मी मीटर वाचायचो. वर येऊन डायरीत लिहायचं, कालच्यातून वजा करायचं आणि मोठ्याने म्हणायचं. सांगलीत बायको-मुलगी लक्षही देत नसत. आई मात्र तव्यावरची भाकरी उलटताना विचारायची, "किती पडलं रं आज?"

"अकरा."

"अकरा म्हंजे लय का?"

"लयच की."

रोज हेच. अकरा, साडेअकरा, अकरा. मी आकडा जड आवाजात सांगायचो, हे मला आता कळतं. तेव्हा तो आवाज मला फक्त खरा आकडा सांगणाऱ्याचा वाटायचा.

मग बिल आलं. नेहमीच्या चौपट-पाचपट. तीनशेच्या वर तीस युनिटं गेली होती आणि तीनशेच्या पुढे दर चढतो. मी बिल हातात घेऊन खोलीत फेऱ्या मारल्या. दर कसा चढतो ते तिला समजावून सांगितलं, जणू ती माझ्या हाताखालची पोरगी होती. ती पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग लावत न्हाई मी."

"असं कुठं म्हणतोय? लाव की. तुला कोण नको म्हणतंय? फक्त जरा बघून. अंथरूण पाहून पाय पसरावेत, एवढंच."

हे माझे शब्द. एकही शब्द मी इथे मऊ केलेला नाही. पैसे नव्हते असंही नाही. मुलीच्या क्लासची फी होती, सांगलीच्या घराचा हप्ता होता, पण ते बिल भरून मी काही रस्त्यावर येणार नव्हतो. मला राग होता तो आकड्याचा. लोकांच्या आकड्यांवर हुकमत चालवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या घरात आकडा हाताबाहेर गेला, याचा.

त्याच आठवड्यात संशयाच्या यादीत एक बंगला होता. मुंबईच्या मालकाचा. घर महिनाभर कुलूपबंद आणि वापर तिप्पट. मी गेलो. राखणदाराने दार उघडलं आणि तोंडावर ऊब आली. भिंतींच्या पायथ्याशी, जमिनीलगत, लांबच लांब हीटर बसवलेले होते, प्रत्येक खोलीत, सगळे चालू. आत एक चिटपाखरू नव्हतं. मी विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, "मालक म्हंत्यात, आमी कवाबी येऊ, आल्याबरुबर घर उबदार पायजे. लाकडाची जमीन हाय साहेब, गारठ्यानं फुगती." मी शेरा लिहिला, वापर योग्य. तिथे चोरी नव्हती.

संध्याकाळी जेवताना मी ही गोष्ट आईला रंगवून सांगितली. बिलाचा आकडाही सांगितला. ती घास हातात धरून बसली. म्हणाली, "शिवशिव. एवढं जळतंय व्हय त्येला?" मी म्हणालो, मग काय! मला वाटत होतं मी श्रीमंतांची टिंगल करतोय. समोर बसलेल्या बाईच्या खोलीतही त्याच जातीची वस्तू आहे, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी आकडा पडला सहा. मग पाच. आठवड्याने साडेतीन, आणि तिथेच तो थांबला. साडेतीन, चार, साडेतीन.

मला त्याचं आश्चर्य का वाटलं नाही, हे विचारा. बिल आल्यावर रविवारी मी खिडकीच्या फटींत कागद कोंबले होते, आईच्या दाराखाली पोतं गुंडाळून लावलं होतं, साताऱ्याहून जाड रग आणला होता. खोली एकदा तापली की आता ऊब धरून राहते, तास-दोन तास हीटर पुरतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं. सगळं श्रेय त्या पोत्याला दिलं. ऑफिसातसुद्धा दोघा-तिघांना सांगितलं की फटी बुजवा, निम्मं बिल वाचतं. हीटर आणायच्या आधी, ऑक्टोबरात, आमचं घर रोज तीन युनिट खायचं. फ्रिज, दिवे, टीव्ही. तेही त्याच डायरीत माझ्याच अक्षरात होतं. साडेतीनातून तीन वजा करायला दुसरीतलं गणित पुरतं. मी ते केलं नाही.

आणि हीटर तर मला रोज चालू दिसायचा. संध्याकाळी मी मोटरसायकल लावून वर यायचो तेव्हा नळ्या लाल. जेवून ती तिच्या खोलीत जायची, दार लोटताना नळ्या लाल. सकाळी मी उठायचो तेव्हाही लाल. बाहेरच्या गारठ्यातून आलेल्या माणसाला कुठलीही खोली उबदारच वाटते. मी कधी आत जाऊन पाच मिनिटं बसलो नाही. भिंतीला हात लावून बघितला नाही. लोकांच्या घरात मी फ्रिजच्या मागे हात घालून बघायचो.

आकडा उतरला तसा माझा पाराही उतरला. सकाळी मी जिना चढतानाच सांगायचो, "साडेतीन!" आई म्हणायची, "बरं झालं," आणि चहात साखर जरा जास्त घालायची. तो महिनाभर आमच्या घरात मोठा आनंद होता. हे लिहिताना मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दिसत काहीच नव्हतं असं नाही. तिच्या पदराला काजळी लागलेली असायची. मी विचारलं तर म्हणाली, खालच्या बाईला जरा मदत करते. खाली घरमालकीण एकटीच राहायची आणि तिच्या मागच्या अंगणात पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. मला वाटलं, म्हातारीला बरी सोबत मिळाली. दिवसभर आई माझा जुना स्वेटर घालून उन्हात पायरीवर बसायची, ऊन सरकेल तशी सरकायची. संक्रांतीला तिळगूळ देऊन मी पाया पडलो तर पावलं अशी गार लागली की मी हात मागे घेतला. "आई, पाय किती गार पडलेत!" ती म्हणाली, "आत्ता पान्यातनं आले न्हवं का." मी पुढचा लाडू तोंडात टाकला.

आता जे सांगायचं आहे ते नोकरीत असेतोवर मी कुणाला सांगितलं नाही. जानेवारीच्या सुरुवातीला संशयाची यादी आली आणि तिच्यात एक ग्राहक क्रमांक ओळखीचा दिसला. माझ्याच घराचा. वापर एका महिन्यात तीनशे तीसवरून थेट खाली आलेला. ऐन थंडीत. दुसऱ्या कुणाचं घर असतं तर मी खुर्चीत बसल्या बसल्या सांगितलं असतं की इथे एक तर चोरी आहे, नाहीतर आतलं माणूस गेलंय. त्या दिवशी मी कागद शेजारच्या टेबलावर दाखवला, आम्ही सगळे हसलो, कुणीतरी म्हणालं, "चोराच्या घरी चोरी." मी घरी न जाताच शेरा लिहिला, वापर योग्य, आणि सही केली. सगळ्या नोकरीत न जाता लिहिलेला तो एकच शेरा.

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी आईला ताप भरला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला धड बोलता येईना, छातीत घरघर सुरू झाली. मी घाईने हीटर लावला, रग गुंडाळला, गाडी बोलावली. पसरणीचा घाट उतरताना ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून होती. वाईच्या अलीकडे तिने डोळे उघडले आणि तुटक तुटक म्हणाली, "खोलीतलं बटान बंद केलंस न्हवं?"

मी वैतागलो. "केलं गं बाई, केलं. गप पड."

केलं नव्हतं. मला आठवतही नव्हतं.

साताऱ्याच्या हॉस्पिटलात तिला लगेच दाखल करून घेतलं. न्यूमोनिया दोन्ही बाजूंना पसरला होता. डॉक्टरांनी विचारलं, थंडीत उघड्यावर होत्या का? मी म्हणालो, छे, चोवीस तास हीटर असतो खोलीत. अगदी ठणकावून म्हणालो. सांगलीहून बायको आली. आईच्या तोंडाला ऑक्सिजन लावला होता. तिसऱ्या दिवशी जरा उतार वाटला, पाचव्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, आत्तींची लुगडी आणि त्यांची ती जाड चादर घेऊन या, इथल्या पांघरुणात त्यांचा जीव रमत नाही.

मी एकटा पाचगणीला आलो. दुपारची वेळ होती. जिना चढायच्या आधी सवयीने जिन्याखाली गेलो, आई तिकडे नळ्यांत गुंतलेली असताना. आकडा बघितला आणि पुन्हा बघितला. चार दिवसांत ऐंशी युनिट. घराला कुलूप. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? कुणीतरी माझ्या मीटरवर वायर टाकलीय. मी बॅटरी घेऊन वायरी तपासल्या. दहा मिनिटं तपासल्या.

मग वर जाऊन कुलूप काढलं आणि आईच्या खोलीचं दार लोटलं. तोंडावर ऊब आली. चार दिवस, चार रात्री नळ्या लाल होत्या. भिंती कोमट होत्या. पलंगाची लोखंडी कडा कोमट होती. रिकाम्या खोलीत कपडे काढून बसावं एवढी ऊब होती.

मी पलंगावर बसलो आणि डायरी काढली. ऐंशी भागिले चार, वीस. हा हीटर दिवस-रात्र चालला तर घर वीस खातं. दहा तास चालला तर अकरा. आणि साडेतीन म्हणजे हीटरच्या वाट्याला अर्धा युनिट. अर्धा युनिट म्हणजे चाळीस मिनिटंसुद्धा नाहीत. माझी मोटरसायकल चढावर आली की थोडा वेळ, झोपायला जाताना दार लोटेपर्यंत थोडा वेळ, सकाळी माझ्या खोलीत खाट कुरकुरली की थोडा वेळ. बाकीची सगळी रात्र काहीच नाही. गादी उचलली तर खाली वर्तमानपत्रांचा जाड थर होता आणि रगाच्या आत तिने माझी जुनी पँट पायाला गुंडाळायला ठेवली होती.

दार उघडं बघून घरमालकीण वर आली. तिने आईची चौकशी केली. मी तिला विचारलं, आई तुमच्याकडे पहाटे यायची का?

"रोज. मी बंब पेटवायच्या आदी येऊन बसलेल्या असायच्या. थरथरायच्या. मी म्हनलं आजी, तुमच्याकडं हीटर हाय की. तर म्हनल्या, आकडा कमी आला की माजं पोरगं हसून च्या पितंय. तेवढंच बगायला मिळतंय मला."

मी बटण बंद केलं. नळ्या काळ्या पडायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ उभा राहिलो, मग लुगडी आणि चादर पिशवीत भरली आणि घाट उतरलो. वाटेत ठरवलं की तिला सगळं विचारायचं, रागवायचं, मग तिचे पाय धरायचे. तिला सांगायचं की मला वीस युनिटं चालतील, पन्नास चालतील, तू लाव.

हॉस्पिटलात पोचलो तर धाप पुन्हा वाढली होती. बायको पायांना तेल चोळत होती. मी चादर पांघरली तशी आईने ती बोटांनी चाचपली, तिला ओळखू आली असावी. डोळे उघडून तिने माझ्याकडे बघितलं. मी पाचगणीच्या घरून आलोय, हे तिला कळलं. तिने तोंडावरचा मास्क हाताने जरा बाजूला केला. बायको नको नको म्हणत होती.

"किती पडलं रं?" आई म्हणाली.

ऐंशी माझ्या डोक्यात होते. ठरवलेलं सगळं जिभेवर होतं. मी आयुष्यात कधी कुणाला खोटा आकडा सांगितला नव्हता.

"साडेतीन," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली आणि मास्क स्वतःच पुन्हा लावून घेतला. मग ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मला कळलं ती कशाची वाट बघतेय, म्हणून मी हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.